कला शिकवून आणि कलेवर बोलून पोट भरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकार, गायक, नर्तक, मातीकाम करणारे, छायाचित्रकार अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. माध्यम बदलतं, अडचण बहुधा तीच असते. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. क्रम सोप्याकडून किचकटाकडे आहे, त्यामुळे अनुभवी मंडळींनी थेट शेवटाकडे उडी मारली तरी चालेल.

१. नुसतं शिकवून आणि व्याख्यानं देऊन घर चालतं का हो?

चालतं, पण एकाच प्रकारावर क्वचित. ज्यांचं चालतं त्यांच्याकडे बहुधा दोन-तीन ओढे एकत्र आलेले असतात: दर आठवड्याचे ठरलेले विद्यार्थी, वर्षातून काही कार्यशाळा आणि अधूनमधून व्याख्यान. पहिल्यातून घरभाडं निघतं, दुसऱ्यातून थोडं साठतं. तिसऱ्यातून पैसे कमी मिळतात, पण पहिल्या दोन्हींसाठी माणसं मिळतात.

यात नवीन काही नाही. पियानोवादक शोपँ पॅरिसमध्ये मैफलींवर जगला असं वाटतं, पण जाहीर मैफली त्याने फार थोड्या केल्या. घरखर्चाचा मोठा भाग शिकवण्यांतून यायचा. एका शिकवणीचे २० फ्रँक, आणि ते शिष्याने शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे, म्हणजे थेट हातात पैसे घेण्याचा अवघडलेपणा नको. फीबद्दलचा संकोच तेव्हाही होता.

सुरुवातीला मात्र दुसरं काही उत्पन्न हाताशी ठेवा. विद्यार्थी तोंडी शिफारशीने येतात आणि तोंडी शिफारस पसरायला वेळ लागतो.

२. शिकवायला लागलं म्हणजे कलाकार संपला, असं लोक म्हणतात. खरं आहे का?

नाही. चित्रकार पाउल क्ले १९२१ पासून दहा वर्षं बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकवत होता, चित्रकार कांडिन्स्की १९२२ पासून संस्था बंद पडेपर्यंत, म्हणजे १९३३ पर्यंत. त्या वर्षांत दोघांचंही काम थांबलं नाही. क्लेच्या शिकवण्याच्या टिपणांची पानं सुमारे ३,९०० भरतात. रेषा कुठून निघते, रंगाचं वजन कसं ठरतं, हे दुसऱ्याला सांगायचं म्हणून त्याला स्वतःशी स्पष्ट करावं लागलं.

टोमणा खोटा असला तरी धोका खरा आहे. तो शिकवण्यात नसून वेळापत्रकात आहे. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

३. माझ्याकडे पदवी नाही. मला कोण शिकवू देईल?

खासगी वर्गाला किंवा कार्यशाळेला पदवी कोणी विचारत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत कायम नोकरी हवी असेल तर विचारतात, आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. पण त्याच संस्था पाहुणे कलाकार म्हणून पदवी नसलेल्यांना बोलावतात, ती वाट मोकळी आहे.

खरी कसोटी वेगळीच असते. हाताला सवयीने जमणारी गोष्ट तुम्हाला तोडून सांगता येते का? एक करून बघा. तुमचं सर्वांत सोपं काम, म्हणजे कागद ताणून लावणं, सूर लावणं किंवा चाकावर मातीचा गोळा मधोमध आणणं, हे समोरच्याला हात न लावता, फक्त बोलून करायला सांगा. तो कुठे अडतो ते लिहून काढा. ती यादी म्हणजे तुमचा पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम.

४. खासगी शिकवणी, कार्यशाळा, कोर्स, व्याख्यान: सुरुवात कशाने करू?

शिकवणीने. एक किंवा दोन विद्यार्थी घ्या. तिथे चुकलेलं पुढच्या आठवड्यात दुरुस्त करता येतं, आणि विद्यार्थ्याचा चेहरा हातभर अंतरावर असल्यामुळे आपलं कुठलं वाक्य वाया गेलं ते लगेच कळतं.

कार्यशाळेत तशी सोय नसते. लोक एकदाच येतात, काहीतरी हातात घेऊन घरी जायचं म्हणून येतात. म्हणून कार्यशाळेला एकच गोष्ट द्या, आणि ती दिलेल्या वेळेच्या दोनतृतीयांशात संपेल अशी बेता. उरलेला वेळ आपोआप खर्च होतो. कोणाचा रंग वाळत नाही, कोणाला पहिल्यापासून करायचं असतं, आणि एकजण तरी उशिरा येतोच.

काही आठवड्यांचा कोर्स त्यानंतर. त्यात प्रत्येक तासाला आधीच्या तासाचं काहीतरी लागायला हवं, नाहीतर ती सुट्या कार्यशाळांची माळ होते. व्याख्यान शेवटी धरा. बोलायला कठीण म्हणून नव्हे, तर बोलावणं यायला आधी नाव व्हावं लागतं म्हणून.

५. फी किती ठेवू?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेकांची चूक एकच: वर्गात घालवलेले तासच मोजायचे.

समजा कार्यशाळा ३ तासांची आहे. तयारी ४ तास, साहित्य आणणं २, जाणं-येणं ३, मांडामांड आणि आवराआवर १, नंतर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं १. झाले १४ तास. फी त्या चौदांची आहे. तीच कार्यशाळा पुन्हा केली की तयारी तासाभरावर येते आणि बेरीज ११ होते. एकच विषय पुन्हा पुन्हा करण्यात कमीपणा नाही. कमाई दुसऱ्या खेपेपासूनच सुरू होते.

आता माणशी फी. कुठल्याही चलनात चालेल असं गणित मांडतो. जागेचं भाडं २०, प्रवास १०, तुमची मजुरी ७०, असा ठरलेला खर्च १००. प्रत्येक विद्यार्थ्यामागे साहित्य ४. फी १४ ठेवलीत तर माणशी १० उरतात, म्हणजे १० जण आले तरच हिशोब जुळतो. खोलीत १२ जणच मावत असतील तर तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात. दोघांना ताप आला की फायदा गेला, तिसऱ्याला आला की पदरमोड सुरू. ७ जणांत खर्च निघायला हवा असेल तर फी १८-१९ लागते. माझा आग्रह या दुसऱ्या आकड्याचा. भरलेली खोली गृहीत धरून फी ठरवू नये.

'इतकी फी कोण देणार?' अशी धाकधूक वाटते, तेव्हा फी उतरवण्याआधी तास किंवा साहित्य कमी करता येतं का ते बघा. आणि ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्यासाठी एखादी जागा सवलतीची ठेवा, पण ती आधी जाहीर करा. मागेल त्याला सूट देत गेलात तर फी हा घासाघिशीचा विषय होतो.

६. माझ्या गुरूंनी माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. मग मी घेणं बरोबर आहे का?

बरोबर आहे. पियानोवादक फ्रान्झ लिस्टनेही उत्तर आयुष्यात शिष्यांकडून फी घेतली नाही. पण तरुणपणी युरोपभर दौरे करून त्याने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं होतं. फुकट शिकवणाऱ्याच्या मागे दुसरं काहीतरी उभं असतं: आधीची कमाई, नोकरी, आश्रयदाता, घरची शेती, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाचे कष्ट. तुमच्या गुरूंच्या मागे काय होतं ते आठवून बघा. तुमच्यामागे ते नसेल तर फी घ्या. ऋण वाटत असेल तर प्रश्न ५ मधली सवलतीची जागा आहेच.

७. 'मानधन नाही, पण प्रसिद्धी मिळेल' असं म्हणून बोलावतात. जायचं का?

कधीकधी. मी तीन गोष्टी बघतो. या कार्यक्रमात कोणालाच पैसे मिळत नाहीत का? मांडववाल्याला, ध्वनिव्यवस्थेला, निवेदकाला मिळत असतील आणि फक्त कलाकाराला नसतील, तर नाही म्हणावं. श्रोत्यांमध्ये पुढे विद्यार्थी किंवा आयोजक होतील असे लोक आहेत का? आणि बदल्यात काही ठोस मिळतं का: चांगलं चित्रीकरण, कामं विक्रीला मांडायला टेबल, प्रवासखर्च, सभासदांना तुमच्या कोर्सची माहिती जाणं? एकाही प्रश्नाचं उत्तर समाधानकारक नसेल तर ती मेहनत देणगी समजा, आणि देणगी आपल्याला पटलेल्या कामालाच द्या.

फुकट गेलातच तरी पत्रात तुमचं नेहमीचं मानधन लिहा आणि 'या वेळी घेत नाही' असं नमूद करा. पुढच्या वर्षी तोच आयोजक शून्यापासून बोलायला सुरुवात करत नाही.

८. पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही. केव्हा आणि कसं बोलू?

पहिल्याच उत्तरात, लेखी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते या धंद्यात रोज पटतं. तारीख पक्की होऊन, पत्रिका छापून झाल्यावर मानधन विचारलंत की दोन्ही बाजू अवघडतात आणि माघार कलाकारच घेतो. खालचा मजकूर आपल्या शब्दांत फिरवून घ्या:

'निमंत्रणाबद्दल आभार. विषय आणि तारीख दोन्ही जमण्यासारखं आहे. एका तासाचं व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं यासाठी माझं मानधन अमुक आहे. प्रवास आणि राहण्याची व्यवस्था आयोजकांकडे. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली कार्यक्रमाच्या दिवशी. प्रोजेक्टर, माइक आणि पडद्यासमोरचे दिवे मालवण्याची सोय लागेल. रेकॉर्डिंग करायचं असल्यास आधी कळवावं. आपलं बजेट वेगळं असेल तर सांगा, त्यात काय बसवता येईल ते बघू.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यामुळे आयोजकाला नकार न देता आकडा सांगता येतो. आणि मग आकडा कमी असेल तर कामही कमी करा: प्रात्यक्षिक वगळा, किंवा दिवसभराऐवजी दुपारपर्यंत थांबा. तेवढंच काम कमी पैशात दिलं की आधीचा आकडा फुगवलेला होता असा अर्थ निघतो.

९. व्याख्यानात बोलायचं काय? लहानपणापासूनचा प्रवास सांगू?

कृपा करून नको. जन्म, शाळा, पहिलं बक्षीस, प्रदर्शनांची यादी, एवढ्यात अर्धा तास जातो आणि श्रोता घड्याळ बघू लागतो. एकच काम घ्या आणि ते कसं झालं ते दाखवा: पहिलं कच्चं टिपण, मध्ये बिघडलेली अवस्था, टाकून दिलेला पर्याय, आणि शेवट. बिघडलेल्या अवस्थेवर सर्वांत जास्त थांबा, कारण तयार काम लोकांनी भिंतीवर पाहिलेलं असतं, हे कुठेच पाहिलेलं नसतं. त्यासाठी काम चालू असतानाच फोटो काढायची सवय लागते, नंतर ते मिळत नाहीत.

बोलणं अडखळत असेल तर दाखवण्यावर भर द्या. इंग्रज चित्रकार टर्नर १८०७ साली लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत यथार्थदर्शनाचा (सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याच्या शास्त्राचा) प्राध्यापक झाला. पहिलं व्याख्यान दिलं ते १८११ मध्ये, तयारीला इतकी वर्षं घेऊन! बोलणं पुटपुटल्यासारखं, वाक्यं हरवणारी. पण त्याने त्या व्याख्यानांसाठी मोठमोठ्या आकृत्या आणि चित्रं स्वतः रंगवली होती. ऐकू न येणारा एक ज्येष्ठ चित्रकार केवळ ती बघायला येऊन बसायचा, असं सांगतात.

सभाधीट नसलेल्यांसाठी एवढंच: पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करा, मधलं चित्रं सांभाळतात.

१०. एकाच वर्गात अगदी नवखे आणि मुरलेले दोन्ही येतात. कसं सांभाळू?

विषय एकच द्या, मर्यादा वेगळ्या द्या. नवख्याला तीन रंग आणि तासभर. मुरलेल्याला तोच विषय, एकच रंग आणि वीस मिनिटं. दोघंही अडतात, पण आपापल्या जागी. मुरलेल्यांना मदतनीस करून टाकण्याचा मोह होतो. एखाद्या वेळी ठीक, पण त्यांनीही फी शिकायला भरलेली असते.

११. विद्यार्थी मध्येच सोडतात आणि फी परत मागतात. काय करायचं?

तासावारी फी घेणं बंद करा आणि सत्रावारी घ्या, म्हणजे आठ किंवा दहा तासांची एकत्र, आगाऊ. नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या: पहिल्या तासानंतर सोडलं तर साहित्य वजा करून परत, नंतर परतावा नाही, आजारपणाचा तास अमुक मुदतीत भरून मिळेल, आणि तुम्ही स्वतः रद्द केलात तर पूर्ण पैसे किंवा बदली तास, निवड विद्यार्थ्याची. हा शेवटचा नियम लिहायला लोक विसरतात आणि मग बाकीचे नियम एकतर्फी दिसतात.

१२. शिकवण्यात सगळा वेळ जातो, स्वतःचं काम होतच नाही. यातून बाहेर कसं पडू?

आधी कामाचे तास कॅलेंडरवर अडवा, शिकवणी उरलेल्यात बसवा. उलट क्रमाने केलंत तर कामाला उरतो तो थकलेला वेळ. दिवसाचा कुठला भाग तुमचा चांगला असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो विकू नका.

दुसरं, तास पसरवू नका. आठवड्यात पाच दिवस रोज दोन तास शिकवणं आणि दोन दिवस पाच-पाच तास शिकवणं, बेरीज दहाच. पण पहिल्यात पाचही दिवस मोडतात. हातातलं काम सोडणं, कपडे बदलणं, परत आल्यावर डोक्यातले विद्यार्थ्यांचे प्रश्न शांत होणं, यात प्रत्येक वेळी दोन तासांहून जास्त जातात. वर्षाचंही तसंच. सलग काही आठवडे शिकवणं पूर्ण बंद ठेवा आणि त्या काळाचा खर्च सत्राच्या फीत आधीच धरा.

तिसरं, कमाई वाढली की तास कमी करा. बहुतेक जण उलट करतात, मागणी आहे म्हणून आणखी एक बॅच उघडतात. चित्रकार हान्स हॉफमनने म्युनिकमध्ये १९१५ साली स्वतःची शाळा काढली, पुढे न्यूयॉर्कमध्ये चालवली, आणि १९५८ मध्ये पूर्ण वेळ चित्रं काढण्यासाठी बंद केली. तेव्हा तो सत्तरीच्या शेवटी होता. पुढच्या आठ वर्षांत त्याने भरपूर आणि कसदार काम केलं. तरी एवढं थांबण्याची गरज कोणालाच नसावी.

१३. आयोजकाने ऐनवेळी रद्द केलं, किंवा मानधन महिनोन्महिने अडवलं. काय हातात असतं?

तेवढंच, जेवढं आधी लिहून घेतलंय (प्रश्न ८). रद्द करण्याची अट त्याच पत्रात घाला: अमुक दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत होणार नाही. थकलेल्या मानधनासाठी बोलावणाऱ्या माणसाऐवजी हिशोब बघणाऱ्याला लिहा. पुष्कळदा नुसतं एखादं बिल किंवा बँकेचा तपशील पोचलेला नसतो आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं.

१४. व्याख्यानाचं किंवा वर्गाचं रेकॉर्डिंग करू का, असं विचारतात. हो म्हणू?

विचारून घ्या: कशासाठी, कुठे ठेवणार, किती काळ, कोण बघणार? संस्थेच्या संग्रहासाठी असेल तर सहसा हरकत नसावी. सर्वांसाठी खुलं ठेवणार असतील तर तेच व्याख्यान पुढे दुसरीकडे देणं अवघड होतं, म्हणून वेगळं मानधन मागा किंवा पहिला काही भागच द्या. विकणार असतील तर तो स्वतंत्र करार आहे, मानधनाच्या पावतीवर सही करून तो उरकू नका.

व्याख्यानात दुसऱ्यांची चित्रं किंवा ध्वनिमुद्रणं दाखवली असतील तर आणखी जपा. वर्गात दाखवायला बऱ्याच देशांच्या कायद्यांत सवलत असते. तेच रेकॉर्ड होऊन सर्वांसाठी खुलं झालं की ती सवलत लागू होईलच असं नाही.

१५. माझ्या विद्यार्थ्याने माझीच पद्धत शिकवायला सुरुवात केली, तीही कमी फीत. त्याला अडवता येईल का?

पद्धतीपुरतं बोलायचं तर नाही. स्वामित्वहक्क मांडणीला मिळतो, पद्धतीला नाही. १९९५ पासून लागू झालेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या आंतरराष्ट्रीय करारातच कल्पना, कार्यपद्धती आणि रीती त्यातून वगळल्या आहेत. तुमची छापील टिपणं, आकृत्या, व्हिडिओ त्याने जसेच्या तसे वाटले तर मात्र बोलता येईल. हीच रेघ तुम्हालाही लागू. शिकलेलं शिकवा, पण गुरूंची वही झेरॉक्स करून वाटू नका.

आणि कमी फीत शिकवणाऱ्याकडे जाणारे लोक बहुधा तुमच्याकडे येणारे नव्हतेच. मन दुखतं ते पैशासाठी नाही, न विचारता केलं म्हणून. तेवढं त्याच्याशी बोलून टाका.

१६. लहान मुलांना शिकवायचं आहे. वेगळं काय लागतं?

खोलीत किंवा नजरेच्या टप्प्यात दुसरी प्रौढ व्यक्ती, दार उघडं, घ्यायला कोण येणार याची नोंद. मुलांचे फोटो आणि चित्रं कुठेही टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी. साहित्य विषारी नाही ना हे डब्यावर वाचून घ्या. मोठ्यांच्या वर्गात चालणारे टर्पेंटाइनसारखे द्रव इथे नकोत. काही देशांत पार्श्वभूमी तपासणीचा दाखलाही लागतो, संस्थेला आधी विचारा.

१७. संस्थेत नोकरी मिळतेय, पण खासगी वर्ग बंद करायची अट आहे. घेऊ का?

पगाराबरोबर दोन कलमं वाचा. पहिलं, बंदी नेमकी कशावर आहे. त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांना खासगी शिकवण्यावर बंदी असेल तर ती रास्त आहे, हितसंबंधांचा प्रश्न येतो. सगळ्याच बाहेरच्या कामावर असेल तर व्याख्यानं, प्रदर्शनं, विक्री यांना वगळून मागा. दुसरं, तिथे तयार केलेला अभ्यासक्रम कोणाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेलं साहित्य अनेक ठिकाणी मालकाचं ठरतं. आधीपासून तुमचं असलेलं साहित्य रुजू होण्यापूर्वीच यादी करून लेखी कळवा.

१८. परदेशातून बोलावणं आलंय. मानधन तिथेच देणार आहेत. काही वेगळं बघायचं का?

व्हिसा आधी. पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन बोलणं बऱ्याच देशांत चालत नाही, मग रक्कम कितीही लहान असो. आयोजकालाच विचारा की पाहुण्या वक्त्यांना ते कुठल्या व्हिसावर आणतात.

मग कर, आणि इथे कलाकारांची गंमत होते. दोन देशांमधले बरेच करविषयक करार ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात. त्या नमुन्याच्या १७व्या कलमानुसार रंगमंचावर कला सादर करणाऱ्याच्या कमाईवर यजमान देश कर लावू शकतो, मुक्काम एका दिवसाचा का असेना. परिषदेत बोलायला आलेला वक्ता मात्र त्या कलमात येत नाही, असं त्यावरच्या अधिकृत भाष्यात म्हटलंय. मग तासभर बोलून वीस मिनिटं गाऊन दाखवणारा कोण? नेमकं इथेच अडतं. कार्यक्रमात मुख्य भाग कुठला यावर उत्तर ठरतं. त्यामुळे निमंत्रणपत्रात बोलणं किती आणि सादरीकरण किती हे जसं असेल तसं लिहून मागा, जमल्यास दोन्हींचं मानधन वेगळं दाखवायला सांगा, आणि कर कापला तर त्याचा दाखला तिथून निघण्यापूर्वी मागून ठेवा. मायदेशी त्या कराची वजावट मागताना तोच कागद लागतो, आणि कार्यक्रम संपल्यावर आयोजकाकडून तो मिळवायला फार पत्रं लिहावी लागतात.